कडेवर मावेल असं कुत्रं

"उचल," आबा म्हणाले आणि मी बाजीच्या पोटाखालून घातलेल्या टॉवेलची दोन्ही टोकं वर ओढली.

बाजी उभा राहिला. म्हणजे पुढच्या दोन पायांवर तो राहिला, मागचं धड मी तोलून धरलं. आबा त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात बोटं अडकवून उलटे चालत होते. असे आम्ही तिघं अंगणातून फणसाकडे निघालो. रोज सकाळचं हे काम. फणसाच्या बुंध्याशी पोचलो की आबा मान दुसरीकडे फिरवायचे. एवढा रुबाबदार अल्सेशियन, त्याला बाईमाणसानं टॉवेलनं धरून लघवीला न्यावं लागतंय हे आपण बघू नये, असं त्यांना वाटत असावं.

त्या दिवशी मान तशीच फिरवलेली ठेवून ते म्हणाले, "आता नवीन कुत्रं घ्यायचं झालं तर कुठल्या जातीचं घ्यावं गं?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पडवीत तारा खोकत होती. तिच्या काळजाला सूज आली होती, छातीत पाणी साचायचं, चार पावलं टाकली की ती थांबून माझ्याकडे बघायची. बाजीचे मागचे पाय उन्हाळ्यापासून गेले ते गेलेच. आणि आबांना नवीन कुत्र्याची जात सुचत होती.

"आबा, ही दोघं अजून आहेत."

"आहेत म्हणूनच विचारतोय," ते म्हणाले. "नसताना माणूस काहीही घेऊन येतो."

टॉवेल जरा जोरात ओढला गेला असेल, कारण बाजीनं वळून बघितलं.

आबा म्हणजे माझे सासरे, विश्वासराव देसाई. वनखात्यात रेंजर होते. निवृत्त झाल्यावर आजऱ्याच्या बाहेर, काजूच्या बागेला लागून त्यांनी हे बैठं घर बांधलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. माझा नवरा रणधीर मस्कतला एका बांधकाम कंपनीत होता. आधी वर्षाला यायचा, मग एक वर्ष आड, आणि ज्या वर्षाची ही गोष्ट सांगते आहे तेव्हा त्याला येऊन बराच काळ लोटला होता. आम्हाला मूल नव्हतं. घरात आबा, मी आणि ही दोन कुत्री.

बाजी आबांचा. तारा मात्र रणधीरची. जायच्या आदल्या वर्षी त्यानं पुण्याहून ते डॉबरमनचं पिल्लू शर्टाच्या आत घालून आणलं होतं. एसटीतून उतरला तेव्हा तिची काळी नाकपुडी तेवढी वरच्या बटणाशी दिसत होती. "घे, तुझी सवत," असं हसत म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली होती.

दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. तिकडे शुक्रवारी सुट्टी असते. सुरुवातीला खूप बोलायचा. काय जेवलीस, पाऊस किती झाला, फणस लागले का. हळूहळू प्रश्न कमी होत गेले आणि शेवटी एकच उरला.

"तारा कशी आहे?"

मग मी सांगायची. खोकला किती, रात्री झोपली का, डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली, मीठ बंद केलंय, भातावर नुसतं कोंबडीचं पाणी घालते. तो ऐकून घ्यायचा. मधेच "बरं" म्हणायचा. मी सांगणं लांबवायची. ताराच्या आजाराइतकं बोलायला आमच्यात दुसरं काही राहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटतंय हे सांगताना मला थोडी भीतीच वाटायची.

माझा लॅबचा कोर्स झाला होता. लग्नाआधी इचलकरंजीत एका लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करत असे. त्यामुळे ताराची इंजेक्शनं मीच द्यायची. गडहिंग्लजचे डॉक्टर मगदूम आठवड्यातून एकदा येऊन बघून जायचे आणि दर वेळी म्हणायचे, "वहिनी, तुमच्यासारखी शीर आमच्या कंपाउंडरला पण सापडत नाही."

त्या आठवड्यात ते आले तेव्हा आबांनी त्यांनाही विचारलं.

"लॅब्रडॉर घ्या काका," मगदूम ताराच्या छातीला नळी लावत म्हणाले. "शांत जात. माणसाळलेली."

"मोठं होतं ते."

"तुम्हाला मोठं नको?" मगदूमांनी कानातली नळी काढली. आबांनी आयुष्यभर अल्सेशियन पाळले होते. कुणाच्या घरी पॉमेरियन दिसलं की ते म्हणायचे, हे कुत्रं नव्हे, खेळणं आहे, चावी कुठाय याची?

"नको. कडेवर मावेल असं पाहिजे. पण भित्रं नको. दाराआडून भुंकलं तर बाहेरच्याला वाटलं पाहिजे, आत वाघ आहे. आणि अंगण नसलं तरी झुरणारं नको."

"अंगण नसलं तरी?" मी म्हटलं. "आपल्याकडे एवढं अंगण आहे की."

"बोलायची पद्धत," आबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मला वाटलं, म्हातारे झाले. बाजीला उचलून त्यांची पाठ भरून यायची, ते मला दिसत होतं. पुन्हा असलं ओझं नको म्हणून हलकं कुत्रं शोधताहेत. त्यात चूक काही नव्हतं, तरी मला राग यायचा. संध्याकाळी ते पडवीत बसत आणि एकेक जात निकालात काढत. पग नको, उन्हाळ्यात धापा टाकतो. पॉमेरियन नको, ऊठसूट गळा काढतं. स्पॅनियलचे कान वाहतात. खाली जमिनीवर बाजी आणि तारा पाठीला पाठ लावून पडलेली असायची आणि मी बाजीच्या मांडीवरच्या जखमेवर पावडर टाकत असायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, "त्यांना कळतं हो, आबा."

"काय कळतं?"

"तुम्ही त्यांच्या जागी दुसरं शोधताय ते."

आबा वाकून बाजीच्या कानामागं खाजवत म्हणाले, "त्यांच्या जागी नव्हे गं."



शेवटी त्यांची पसंती डॅशुंडवर ठरली. लांबुडकं अंग, आखूड पाय, आवाज मात्र दणदणीत. "बिळात शिरून साळिंदराला भिडतं हे," आबा खुशीत म्हणाले. "दिसायला पोळपाटाएवढं, पण काळीज मोठं." बेळगावच्या कॅम्पात मिसेस फर्नांडिस म्हणून एक बाई होत्या, त्यांच्याकडे पिल्लं झाल्याचं त्यांना मगदूमांकडून कळलं होतं.

"तू चल," आबा म्हणाले. "तुझ्या पसंतीनं घ्यायचं."

"मी नाही येत. ताराला कोण बघणार?"

"तानूबाई बसेल दिवसभर."

तानूबाई आमच्याकडे धुण्याभांड्याला यायची. तिनं पदर खोचला आणि सांगितलं, "जा की वैनी. मी हलत न्हाई हितनं." नाइलाजानं मी जीपमध्ये बसले. फाटकातून बाहेर पडताना मागं बघितलं, तर तारा उठून पडवीच्या कडेला आली होती. तेवढ्या चालण्यानंही तिच्या बरगड्या हलत होत्या.

मिसेस फर्नांडिस सत्तरीच्या होत्या, फुलाफुलांच्या झग्यात. त्यांच्या मागच्या सोप्यावर टोपलीत पाच पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती. आई शेजारी पाय पसरून पडलेली. पिल्लं अजून दूध पीत होती, आज फक्त बघायचं आणि ठरवायचं, आणखी महिन्यानं न्यायचं.

"ही जात गोड आहे, बाय," त्या मला म्हणाल्या. "फक्त ह्यांची पाठ सांभाळायची. पाठ लांब ना? उंचावरनं उड्या मारू द्यायच्या नाहीत. आणि जिने तर नकोच."

"अजिबात नको?" आबांनी विचारलं.

"एखादी पायरी चालेल. पण रोज जिना चढउतार केला तर कणा जातो. मग मागचे पाय लुळे."

आबा एकदम काळजीत पडलेले दिसले. टोपलीपाशी उकिडवे बसले होते ते उठले. "मग तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानं काय करायचं?"

"उचलून न्यायचं. एवढंसं तर असतं."

"बाईमाणसाला जमेल? एका हातात भाजीची पिशवी असली तर?"

"न जमायला काय झालं? मी नाही उचलत?"

आबांचा चेहरा सैल झाला. ते माझ्याकडे वळले. "बघ, कुठलं आवडतंय?"

मी टोपलीकडे बघत होते, पण मला पिल्लं दिसत नव्हती. आमच्या घराला जिना नव्हता. आमच्या आसपासही कुणाच्या घराला तिसरा मजला नव्हता.

"नंतर सांगते," मी म्हटलं आणि बाहेर जीपपाशी जाऊन उभी राहिले.

परतीच्या वाटेवर शिनोळीच्या पुढं एका टपरीपाशी आबांनी जीप थांबवली. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, पण उचलला नाही.

"आबा, तिसऱ्या मजल्यावर कोण राहणार आहे?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. उसाची एक गाडी गेली, तिचा धुरळा खाली बसेपर्यंत ते थांबले.

"मगदूमचा भाऊ आहे ना, कोल्हापुरात त्याची लॅब आहे. राजारामपुरीत. त्याला माणूस पाहिजे. मी तुझं सांगून ठेवलंय. जवळच एक खोली आहे, चांगली आहे, मी जाऊन बघितली. फक्त तिसऱ्या मजल्यावर आहे."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मला घराबाहेर काढताय तुम्ही?"

हे मी मोठ्यानं बोलले असणार, कारण टपरीवाला वळून बघायला लागला. आबांनी बशी बाजूला सारली.

"काढत नाही गं, पोरी. घर तुझंच आहे. पण कशासाठी थांबलीयस तिथं?" ते हळू आवाजात म्हणाले. "दिवाळीत निंगुडकरांचा मुलगा मस्कतहून आला होता. मला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं. रणधीरचं तिकडे..." त्यांना पुढचा शब्द सापडेना.

"घर आहे," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"मला ठाऊक आहे, आबा. फोनवर मागं एक मूल रडायचं. शेजारचं आहे म्हणाला. मग ते बोलायला लागलं. मागल्या पावसाळ्यात त्यानं मागून हाक मारली. 'पप्पा' म्हणून. फोनवर हात ठेवला त्यानं, पण मला ऐकू आलं."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

इतके महिने आम्ही एकाच घरात, एकाच ताटलीतून दोन कुत्र्यांना भरवत, एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो. आबांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्माच पुसला, डोळे नाही.

"विहिरीत पडलेलं, कुंपणात अडकलेलं जनावर आम्ही सोडवायचो," ते म्हणाले. "सगळे त्याला ओढायला बघतात. तसं करायचं नसतं. त्याला दिसेल अशी एक वाट मोकळी करायची आणि आपण बाजूला व्हायचं. मला दुसरं काही येत नाही, सुलक्षणा. पण तू नुसती एकटी त्या खोलीचं दार उघडशील, हे मला बघवेना. म्हटलं, आत कुणीतरी शेपूट हलवणारं असावं."

मी रडले नाही. "तारा आहे तोवर मी कुठं जात नाही," एवढंच म्हटलं.

"बरं," आबा म्हणाले.

त्यानंतर घरात नवीन कुत्र्याचा विषय निघाला नाही. मी ताराच्या औषधपाण्यामागं लागले. खरं तर मी तिच्यासाठी लढत होते की दर शुक्रवारच्या त्या एका प्रश्नासाठी, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. मला सगळं ठाऊक होतं आणि तरी फोन वाजला की मी ओले हात पुसत धावायची. जी वाट माणूस बघतो ती तो समजून-उमजून बघत नसतो. मला तो एसटीतून उतरलेला, शर्टाच्या बटणाशी काळं नाक असलेला रणधीर हवा होता. तो कुठल्याच विमानानं येणार नव्हता.

तारा एका दुपारी गेली. सकाळी तिनं थोडा भात खाल्ला होता. ऊन पडलं तेव्हा स्वतः चालत फणसाखाली गेली, आणि मला बरं वाटलं. मी दोरीवर कपडे घालत होते. वळून बघितलं तर ती कुशीवर कलंडली होती. मी पोचले तेव्हा तिचा श्वास अजून चालू होता, पण डोळे माझ्या पलीकडे कुठं तरी बघत होते. आबा आले. तिघं मिळून आम्ही तिला धरून बसलो. तिघं म्हणजे बाजी पडवीतून पुढच्या पायांवर अंग ओढत, मागचं धड मातीतून फरफटत, कुणी टॉवेल न धरता तिथवर आला होता.

काजूच्या झाडांत तिला पुरलं.

शुक्रवारी फोन आला. "तारा कशी आहे?"

"गेली," मी म्हटलं. "मंगळवारी."

"अरेरे," तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखा आवाज होता. "सुटली बिचारी. खूप केलंस तू तिचं." मग तो थांबला. मीही थांबले. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, आता विचार. काहीही विचार. पाऊस विचार. फणस विचार.

"आबांना सांग तब्येत सांभाळायला," तो म्हणाला. "ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं.

आबा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. मी रिसीव्हर जागेवर ठेवला, चूळ भरून आले, केस बांधले.

"फर्नांडिसबाईंकडे पिल्लं उरली असतील का हो?"

एकच उरलं होतं. काळं, भुवयांवर तांबूस ठिपके असलेलं, सगळ्यात बारकं म्हणून कुणी न नेलेलं. जातीची, रंगाची, लक्षणांची एवढी चर्चा केलेल्या आबांनी त्याला तळहातावर घेतलं, पोट बघितलं आणि म्हणाले, "मादी आहे. मिऱ्याएवढी." म्हणून तिचं नाव मिरी.

मिरीला बाजी फार आवडला. तो उठू शकत नव्हता, म्हणून तो तिच्यासाठी दिवसभर घरी असलेला असा एक डोंगरच होता. ती त्याच्या पाठीवरून घसरायची, कान चावायची, शेवटी त्याच्या पोटाशी शिरून झोपायची. बाजी मान उचलून आमच्याकडे बघायचा आणि पुन्हा टेकायचा. दोन महिने त्याला ते सुख मिळालं. मग त्याच्या जखमा भरेनाशा झाल्या, त्यानं खाणं सोडलं, आणि मगदूमांनी आबांना बाजूला नेऊन जे सांगायचं ते सांगितलं. इंजेक्शन मी देणार नाही, असं मी म्हटलं होतं. पण मगदूमांना शीर सापडेना, बाजी कण्हला, तेव्हा मी त्यांच्या हातातून सुई घेतली. आबांनी त्या वेळी मान फिरवली नाही. बाजीचं डोकं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

दसऱ्यानंतर मी कोल्हापूरला गेले. आबांनी जीपनं सोडलं, खोलीच्या खिडकीच्या कड्या तपासल्या, नळ उघडून पाहिले, मिरीला जिन्यावरून खाली सोडायचं नाही हे तीनदा बजावलं. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही इथंच राहा. म्हणाले, मला झाडं लागतात. म्हटलं, मग एखादं पिल्लू तरी घ्या. म्हणाले, "आता मला पुरेल असं कुठलं पिल्लू? माझ्यामागं त्याला कोण?" आणि निघून गेले.

पहिला महिना मी सुट्टी घेतली नाही. मग एका रविवारी पहाटेची एसटी पकडून, मिरीला पिशवीत घालून आजऱ्याला गेले. येणार म्हणून आबांना फोनवर सांगितलं होतं, पण वेळ सांगितली नव्हती. स्टँडवरून चालत निघाले. काजूची बाग लागली आणि माझी पावलं मंदावली. त्या वळणावर आलं की आमची कुत्री भुंकायला लागायची. आधी बाजी, मग तारा. इतकी वर्षं त्या घरात कुणी आलं आणि ते आतल्यांना आधी कळलं नाही, असं कधी झालं नव्हतं. आता कसलाच आवाज नव्हता. मला वाटलं, इथूनच मागं फिरावं.

वळण घेतलं तर आबा फाटकाबाहेर उभे होते. कानटोपी घातलेली, हात फाटकावर.

"कुत्रं नाही ना आता घरात," ते जरा ओशाळून म्हणाले. "कुणी आलं तर कळत नाही. म्हणून म्हटलं, आपणच बाहेर येऊन बघावं."

"कधीपासून उभे आहात?"

"हे काय, आत्ताच आलो."

मिरी पिशवीतून डोकं काढून त्यांच्याकडे झेपावत होती. त्यांनी तिला कडेवर घेतलं आणि तिच्याशी बोलत आत चालायला लागले. मी फाटक लावायला वळले. फाटकाच्या आतल्या बाजूला, भिंतीला लागून पडवीतली खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यावर घडी घातलेली शाल होती, आणि खाली मातीत, मुंग्या लागलेले, चहाचे दोन रिकामे कप.